स्लिप झालेल्या गाड्यांचं शहर

आमच्या शहरात मोटारसायकल कुणालाही धडकत नाही. ती स्लिप होते. भर उन्हाळ्यात, कोरड्या ठणठणीत रस्त्यावर, मागे-पुढे चिटपाखरू नसताना ती आपली आपण स्लिप होते आणि चालवणाऱ्याचं मनगट, गुडघा आणि पुढचे दोन दात घेऊन जाते. हे मी बातम्या वाचून सांगत नाही. एका ट्रस्टच्या रुग्णालयात, तळघरातल्या नोंदणी विभागात बसून मी अशा फाइली काही वर्षं वाचल्या आहेत. या अंकाच्या संपादकांनी ‘तुमच्या नोकरीतलं काही लिहा, पण भाषण नको’ अशी अट घातली आहे. ते मला ओळखतात.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. आमच्या घरी वर्तमानपत्र एक यायचं आणि पत्रकं शंभर. माझे वडील मोर्चांची पत्रकं लिहायचे आणि आई त्यातली विशेषणं कमी करायची. इतर मुलं ‘कमळ बघ’ वाचत असताना मी ‘जाहीर निषेध’ वाचत होते. त्यामुळं कुठलीही गोष्ट लिहून ठेवली की ती खरी होते आणि खरी झाली की तिच्यामुळं जग सुधारतं, असा माझा पक्का समज होता. असा समज घेऊन माणसानं कुठंही नोकरी करावी, पण रुग्णालयाच्या नोंदणी विभागात करू नये.

काम काय होतं ते आधी सांगते, कारण माझ्या मावशीला अजूनही वाटतं की मी कंपाउंडर होते. पेशंटला घरी सोडायच्या आधी त्याची फाइल खाली आमच्याकडे येते. डॉक्टरांनी जे लिहिलं ते वाचायचं आणि जगभर सारख्या असलेल्या क्रमांकांत उतरवायचं. याला कोडिंग म्हणतात. कुठलं हाड मोडलं, कुठं मोडलं, कातडी फाटली की नाही, हे एका क्रमांकात. ते कशामुळं झालं, हे दुसऱ्यात. या दुसऱ्या क्रमांकांचं आख्खं प्रकरण आहे आणि त्यात मोटारसायकलवाल्यांची स्वतंत्र गल्ली आहे. माणूस नाहीतर जनावर आडवं आलं तर व्ही वीस. ट्रक, बस अशा अवजड वाहनाची धडक बसली तर व्ही चोवीस. खांब, भिंत, दुभाजक असेल तर व्ही सत्तावीस. आणि कुणाशीही काही न होता आपणच पडलो तर व्ही अठ्ठावीस.

आमचं शहर व्ही अठ्ठावीसचं शहर होतं.

कारण उघड आहे. धडक म्हटलं की पोलीस आले, जबाब आला, लायसन कुठंय हा प्रश्न आला. शिवाय समोरचा माणूस चौकशीअंती मेव्हण्याचा साडू निघतो. त्यापेक्षा स्लिप बरी. कॅज्युअल्टीतले आमचे वॉर्डबॉय फिरोजभाई तर पेशंटला स्ट्रेचरवर घेतानाच मजकूर सुचवायचे, “क्या हुआ भाई? गाडी स्लिप हुई ना?” पेशंट वेदनेतही मान हलवायचा. मी त्यांना एकदा म्हटलं, “फिरोजभाई, तुम्ही त्यांच्या तोंडात शब्द घालता.” ते म्हणाले, “मॅडम, उनके मुँह में दाँत नहीं बचे, लफ्ज तो डालने दो.”

काही जण मात्र स्लिपवर भागवायचे नाहीत. टीव्ही सेंटरकडचे एक गुरुजी पडले ते कुत्र्यामुळं. पण कुत्र्याला ते लागले नव्हते, कुत्रं त्यांना लागलं नव्हतं, कुत्रं म्हणे फक्त बघत होतं. “त्याची नजर वाईट होती,” असं त्यांनी डॉक्टरांना सांगितलं आणि डॉक्टरांनी ते इमानदारीत लिहिलं. नजरेला क्रमांक नाही. दुसऱ्या एकाच्या फाइलीत ‘हेल्मेट : होते’ असं वाचून मला भरून आलं. डोक्याला तर टाके होते. मी वर जाऊन विचारलं, “हेल्मेट होतं ना?” तो म्हणाला, “होतं की. कोपरात अडकवलं होतं.” त्याच्या कोपराला खरोखरच काही झालेलं नव्हतं. हेल्मेटवर विश्वास बसावा असा तो कोपर होता.

या सगळ्यावर मी महिन्याभरातच एक पत्रक लिहिलं. ‘नागरिकहो, किती दिवस स्लिप होणार?’ ते कॅज्युअल्टीत लावायचं ठरवून आमच्या विभागप्रमुखांना दाखवलं. सबनीस सर. त्यांच्या घराण्यात निजामाच्या काळापासून कारकुनी आहे आणि त्याचा त्यांना रास्त अभिमान आहे. त्यांनी चष्मा पुसून पत्रक दोनदा वाचलं.

“छान आहे. उद्गारचिन्हं जरा जास्त झालीत.”

“सर, मजकुराबद्दल बोला.”

“मजकुराबद्दलच बोलतोय. आपण डॉक्टरांनी लिहिलं त्याच्या पलीकडं जात नाही. शंका आली तर शंकापत्र पाठवायचं. डॉक्टर जे उत्तर देतील ते धरायचं. नाहीतर उद्या तू लोकांची स्वप्नं कोड करशील.”

पत्रक त्यांनी दुमडून टेबलाच्या डगमगत्या पायाखाली ठेवलं. टेबल डगमगायचं थांबलं. माझ्या लिखाणाचा समाजाला झालेला तो पहिला प्रत्यक्ष उपयोग.

ते दिवस दुष्काळाचे होते. जायकवाडीच्या पाण्याच्या बातम्या आजारी माणसाच्या बातम्यांसारख्या यायच्या, आज थोडं खालावलं, आज आणखी खालावलं. शहराच्या नळाला पाणी कधी येईल ते फक्त शेजारणींना माहीत असायचं. आणि त्याच वेळी शहर सगळीकडून वाढत होतं. बीड बायपासच्या पलीकडं इमारती उठत होत्या, जालना रोड शेंद्र्यापर्यंत कंपन्यांनी भरत चालला होता, आणि रात्रीतून उगवलेल्या दुभाजकांमुळं माझ्याकडे व्ही सत्तावीसची आवक वाढली होती. त्यात पाणी वाहणारे. टाकीवर एक कॅन, दोन्ही बाजूंना दोरीनं बांधलेले दोन-दोन कॅन, आणि या सगळ्याच्या मधोमध कुठंतरी चालवणारा. अशी गाडी सरळ चालते तोवर चालते.

त्या उन्हाळ्यात एका दुपारी वर गलका झाला म्हणून मी तळघरातून वर आले. कॅज्युअल्टीच्या दारात अँब्युलन्स नव्हती, पाण्याचा टँकर उभा होता. फिरोजभाई आणि टँकरचा ड्रायव्हर मिळून केबिनमधून एका बाईला उतरवत होते. डाव्या पायाला दोन काठ्या आणि लुगड्याची पट्टी बांधलेली. बाई दात आवळून होती, पण ओरडत नव्हती. आणि टँकरच्या मागच्या बाजूला आमच्या रुग्णालयातल्या दोन आया, कँटीनचा मालक आणि एक्स-रे विभागाचा एक तंत्रज्ञ बादल्या घेऊन धावत निघाले होते. रुग्णालयालाही पाणी नव्हतं. टँकरच्या तळाला थोडं उरलं होतं आणि ते तोटीतून ठिबकत होतं. स्ट्रेचर एकीकडं, बादल्या दुसरीकडं, आणि मध्ये डॉ. पाटणी ओरडत होते, “आधी पेशंट! आधी पेशंट!” मग जरा हळू आवाजात, “एक बादली ड्रेसिंग रूमला ठेवा.”

बाईचं नाव सुनंदा. करमाडच्या पुढं, जालना रोडपासून आत त्यांची वस्ती. नवरा शेंद्र्याला कंपनीत, तो कंपनीच्या बसनं जायचा, त्यामुळं मोटारसायकल दिवसभर घरी. टँकर वस्तीपर्यंत यायचा नाही, फाट्यावरच थांबायचा. तिथून घागरी डोक्यावर आणण्यापेक्षा सुनंदा गाडी शिकली आणि कॅन आणू लागली. स्वतःचे आणि गल्लीतल्या म्हाताऱ्यांचेही. त्या दिवशी कॅन भरून परत निघाली आणि वळणावर गाडी स्लिप झाली. मागून येणाऱ्या टँकरच्या ड्रायव्हरनं, बबननं, तिला पाहिलं आणि उचलून आणलं. भला माणूस. फाइलीत असंच लिहिलं होतं. चौकीतल्या पोलिसानंही असाच जबाब घेतला.

फाइल खाली आली तेव्हा मी नेहमीसारखं व्ही अठ्ठावीस लिहायला पेन उचललं आणि थांबले. नडगीचं हाड मोडलं होतं ते डाव्या पायाचं. डावा कोपर सोललेला. म्हणजे गाडी डावीकडं पडली. मग उजव्या मांडीवर, बाहेरच्या बाजूनं, तळहातापेक्षा मोठा काळानिळा मार कसला? स्लिप झालेली गाडी एकाच बाजूला पडते. दोन्ही बाजूंनी पडायला ती काय सारीपाटाची कवडी आहे?

शंकापत्र पाठवलं. डॉ. पाटणींचं उत्तर आलं, ‘रुग्णाने सांगितल्याप्रमाणे.’ पुन्हा पाठवलं. तेच उत्तर, पण अक्षर रागावलेलं. कोडिंग करणाऱ्यानं वॉर्डात जायचं नसतं. मी गेले.

सुनंदा खिडकीजवळच्या खाटेवर होती. पायथ्याशी तिचे सासरे बसले होते, धोतर, पांढरा सदरा, हातात टोपी. आसाराम मामा. मी चौकशी करायच्या आत त्यांनीच सुरू केलं.

“लिवा मॅडम, काय लिवायचं ते. बाईमाणसानं गाडीला हात लावायचं कामच नव्हतं. म्या शंभरदा सांगितलं. सायकलीवर कधी बसली नाय अन् डायरेक् मोटारसायकल! पडली का नाय?”

“मामा, तुमी चहा पिऊन या,” सुनंदा म्हणाली.

“मला नको चहा.”

“मला आणा मग.”

मामा टोपी घालून गेले. मी खुर्ची ओढली आणि एकदम मुद्द्यावर आले. “सुनंदाताई, टँकरनं धडक दिली ना?”

तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जसं भाजीवाल्याकडं बघतात. म्हणजे बोल, पण माझा भाव ठरलेला आहे.

“स्लिप झाली गाडी.”

“उजवी मांडी कशी दुखावली?”

“तुमी डॉक्टर हाय का?”

“नाही.”

“पोलीस?”

“नाही. मी कोडिंग करते.”

“ते काय असतं?”

मी सांगितलं. क्रमांक, गल्ली, अठ्ठावीस, चोवीस. सांगता सांगता मी बहुतेक उभी राहिले असेन, कारण शेजारच्या खाटेवरच्या आजीनं मुलीला विचारलं, “कोण इलेक्शनला उभी हाय का?” मी म्हणत होते की तुमच्यासारख्यांनी खरं सांगितलं नाही तर या रस्त्यांवर अवजड वाहनं काय करतात ते कुणालाच कळणार नाही, गुन्हेगार मोकळे राहतील, आणि वरून बदनामी तुमची होईल.

सुनंदानं सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, “झालं? बसा आता.”

मी बसले.

“ताई, ह्यो बबन रोजच्या दोन खेपा लिवायचा अन् एकच आणायचा. ती बी फाट्यावर. आत वस्तीत यायला वळण बारीक हाय म्हणायचा. त्या दिशी मी पहिला नंबर लावून कॅन भरले अन् निघाले, तर ह्यो टँकर वळवून लावायला माझ्या मागं आतल्या रस्त्याला आला. मी माझ्या साइडनं चालले व्हते. त्यानं बाजूनं गाडी घातली अन् मागचा भाग असा फिरला.” तिनं तळहात फिरवून दाखवला. “मी खाली. कॅन फुटले. बबन उतरून पळत आला. म्हणला, बाई, माझी नोकरी जाती. मी म्हणलं, जाऊ देत नाय. पाऊसकाळ होईस्तोवर मी सांगते स्लिप झाले. पण उद्यापासून दोन्ही खेपा पायजेत, अन् वस्तीच्या तोंडाशी पायजेत.”

“मोडलेल्या पायानं हे ठरवलं?”

“पाय मोडला व्हता, डोकं नाय. अन् त्याला म्हणलं, आधी हे पाणी उतरव, मग मला ने. भरलेला टँकर दवाखान्यात नेला असता तर माघारी कोण आणणार व्हतं?”

मी दाराकडं एकदा बघून घेतलं.

“हे मामांना माहीत आहे?”

“कुणालाच नाय. मामाच्या पोटात काय ऱ्हात नाय. ते बबनच्या उरावर बसतील अन् पाणी बंद.” तिनं आवाज खाली आणला. “तुमी खरं लिवलं तर येकदाच लिवणार. मी नाय लिवू दिलं तर रोज पाणी येतंय.”

“पण लोक म्हणतील बाईला गाडी येत नाही.”

यावर पहिल्यांदा तिचा चेहरा बदलला. “म्हणतीलच. माझ्या मागं गल्लीतल्या तिघीजणी शिकायल्या व्हत्या. आता त्यांच्या घरचे चावी दडवतील. मला दिसत नाय व्हय? पण पाऊसकाळ होईस्तोवर म्हणू द्या.”

तेवढ्यात मामा चहा घेऊन आले आणि मी उठले. व्ही अठ्ठावीस लिहिला. माझ्याकडं कागद नव्हता, फक्त एका बाईनं विश्वासानं सांगितलेली गोष्ट होती, आणि तिला क्रमांक देता येत नव्हता. सबनीस सरांना मी म्हटलं, “सर, हे ब्लॅकमेल आहे.” ते म्हणाले, “याला आमच्याकडं पाणीवाटप म्हणतात.”

पुढचे काही महिने सुनंदा तपासणीला टँकरमधूनच यायची. बबन खेप टाकून शहराकडं परत भरायला निघाला की तिला केबिनमध्ये घेऊन यायचा. टँकर दारात लागला की फिरोजभाई आरोळी द्यायचे, “अपनी सुनंदाबाई आई! बाल्टी लाव रे!” तळाला उरलेल्या पाण्यावर ड्रेसिंग रूम, कँटीन आणि, खोटं कशाला बोलू, नोंदणी विभागाचा माठ चालायचा. तत्त्वांना तहान लागत नाही, पण ज्यांच्याकडे ती असतात त्यांना लागते. बबन दारात उभा राहून टोपी चुरगाळत असायचा. मी त्याच्याकडं जळजळीत नजरेनं बघायचे. त्याला वाटायचं मला आणखी पाणी हवंय, म्हणून तो माझी बाटली भरून द्यायचा. असल्या माणसाचा निषेध तरी कसा नोंदवायचा?

प्लास्टर निघालं. पाय किंचित आखूड पडला. पुढं पावसाळा बरा झाला, टँकर बंद झाले, आणि सुनंदा यायची थांबली. मी तिला मनातल्या मनात एका खणात घालून टाकलं होतं, परिस्थितीपुढं सत्याचा बळी, वगैरे. पत्रकाची सवय वाईट. माणसं मथळ्यात बसली की आपण पुढचं वाचत नाही.

दसऱ्याच्या आसपास तळघराच्या खिडकीशी ओळखीचा आवाज आला. “ताई, आता लिवा.”

सुनंदा होती. मागं आसाराम मामा, आणि त्यांच्या मागं तिचा दीर गणेश, मोटारसायकलची चावी बोटावर फिरवत. तिघं एकाच गाडीवर आले होते. गणेश चालवत, मामा मध्ये, ही मागं.

“काय लिहू?”

“जे तवा लिवायचं ऱ्हायलं ते.”

“बबनचं काय?”

“त्याला फोन केला व्हता. म्हणलं, तू शब्द पाळला, मी पण पाळला, आता मी सांगणार. मग म्हणला, तू म्हणली व्हतीस पाऊसकाळ होईस्तोवर. झाला पाऊसकाळ.”

“पण आता कशाला?” हा प्रश्न मी विचारला. मी! वडिलांनी ऐकला असता तर जेवले नसते.

सुनंदानं मामांकडं तिरकं बघितलं आणि आवाज न चोरता सांगितलं, “शेंद्र्याच्या कंपनीत बाया घ्यायलेत. माझं नाव लागलंय. ह्यांच्यासारखी मला कंपनीची बस नाय, गाडी पायजे. अन् मामा म्हणतेत, तुझा हात बसलेला नाय, तू रिकाम्या रस्त्यावर पडतीस. दवाखान्यात बी तसंच लिवलंय म्हणतेत. सोमवारी हजर व्हायचंय.”

“लिवलंच हाय ना!” मामा म्हणाले. “डॉक्टर काय खोटं लिवतो का?”

फाइल बंद झालेली होती. कोड वर पाठवून झाला होता. मी हे सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात माझ्या मागून सबनीस सर उठले. कपाटाजवळ गेले, फाइल काढली, आणि कुणाकडंही न बघता म्हणाले, “जुनं खोडायचं नाही. पुरवणी जबाब जोडता येतो. आजची तारीख, डॉक्टरांची सही, रुग्णाची सही. आणि वाचून दाखवल्याचा एक साक्षीदार. साक्षीदार,” त्यांनी मामांकडं बघितलं, “आलेला दिसतोय.”

मी सरांकडं बघत राहिले. ते म्हणाले, “बघतेस काय? नियम आहे.”

डॉ. पाटणी ओपीडीत गर्दीत बुडाले होते. त्यांनी ऐकून कपाळावर हात मारला.

“बाई, तेव्हा का नाही सांगितलं?”

“तवा तहान व्हती, साहेब.”

डॉक्टरांनी पेन उघडलं. ड्रेसिंग रूमची बादली त्यांनाही आठवली असावी. “पोलिसांना कळवावं लागेल,” एवढंच म्हणाले.

“कळवा. विचारतील ते सांगते मी.”

त्यांनी लिहून घेतलं. मग रिवाजाप्रमाणं वाचून दाखवलं. ओपीडीचा गलका होता, म्हणून मोठ्यानं वाचावं लागलं. ‘मी स्वतः मोटारसायकल चालवत होते. गाडी स्लिप झाली नाही. मी रस्त्याच्या डाव्या बाजूने जात होते. वळणावर टँकरने ओलांडताना त्याच्या मागच्या भागाचा उजवीकडून धक्का बसला आणि मी डावीकडे पडले. उजव्या मांडीवरची नोंदलेली जखम या हकिकतीशी जुळते.’ शेवटचं वाक्य डॉक्टरांचं होतं. माझ्या दोन शंकापत्रांबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं, पण ते वाचताना त्यांनी माझ्याकडं बघायचं टाळलं, आणि मी त्यावर समाधान मानलं.

मामांच्या हातात पेन दिलं. त्यांनी सही केली नाही. कागदाकडं बघत विचारलं, “उजवीकडून?”

“व्हय मामा.”

“म्हंजी तू आपल्या साइडनं व्हतीस?”

“आपल्याच साइडनं.”

“कॅन किती व्हते?”

“चार मागं, येक टाकीवर.”

“भरलेले?”

“काठोकाठ.”

मामांनी ओठ आत ओढले. शेतात एखाद्याच्या औताचं तास सरळ आलं की बघणारे करतात तसा चेहरा. मग वाकून, एकेक अक्षर कोरत, सही केली. पेन परत देताना गणेशला म्हणाले, “तू तर रिकामी गाडी घेऊन दोनदा नालीत गेलता.”

“बा, तवा अंधार व्हता,” गणेश म्हणाला.

मी खाली येऊन व्ही अठ्ठावीस रद्द करून व्ही चोवीस लिहिला. पूर्ण नोकरीत मी फार थोडे चोवीस लिहिले. पुढं बबनचं काय झालं ते आमच्या फाइलीत येत नाही. फाइल शरीरापाशी थांबते. त्याची नोकरी गेली असेल तर त्याचं मला वाईट वाटेल की बरं, हे मी अजून ठरवू शकलेले नाही. आता मी चिकलठाण्याच्या एका काचेच्या इमारतीत बसून अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या फाइली कोड करते. तिथले डॉक्टर सगळं सविस्तर लिहितात, कुठल्या खोलीत पडला, कुठल्या मांजरावरून पडला. शंकापत्र पाठवायची वेळ क्वचित येते. करमत नाही.

त्या दिवशी मी कागदावर शिक्का मारून परत वर आले, त्यांना प्रत द्यायला. तिघं गेटबाहेर गाडीपाशी होते. गणेश सवयीनं गाडीवर बसला होता, किक मारायच्या तयारीत. सुनंदा मागं उभी, पदर खोचून. तिनं काही मागितलं नाही. जालना रोडवरून गाड्या धडाधड जात होत्या आणि ती नुसती त्या गाड्यांकडं बघत होती.

मामा बराच वेळ टोपी नीट करत राहिले. मग त्यांनी गणेशच्या खांद्यावर हात ठेवला.

“उतर. चावी दे तिला.”

“अन् मी?”

मामांनी धोतराचा सोगा हातात गोळा केला, सुनंदा बसेपर्यंत थांबले, आणि तिच्या मागं, दोन्ही पाय एका बाजूला सोडून, ताठ बसले.

“तू बसनं ये.”